सत्रांच्या हिशेबात न बसणारी मुले

29 फेब्रुवारी 2016 रोजी तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडताना मूत्रपिंडाच्या आजाराविषयी काही आकडे सांगितले होते. देशात दरवर्षी सुमारे 2 लाख 20 हजार नवे रुग्ण मूत्रपिंड पूर्णपणे निकामी होण्याच्या टप्प्यावर येतात. त्यांच्यामुळे डायलिसिसच्या 3 कोटी 40 लाख सत्रांची वाढीव गरज निर्माण होते. देशातील सुमारे 4,950 केंद्रे बहुतांशी खासगी आणि मोठ्या शहरांत आहेत. एका सत्राला सुमारे 2,000 रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक खर्च येतो. या आकड्यांच्या आधारे राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि डायलिसिस यंत्रांच्या काही भागांवरील सीमाशुल्कही माफ झाले.

या आकड्यांचा एक साधा भागाकार करून पाहण्यासारखा आहे. 3 कोटी 40 लाखांना 2 लाख 20 हजारांनी भागले की उत्तर येते सुमारे 155. आठवड्यातून तीन वेळा, वर्षाचे बावन्न आठवडे. म्हणजे अर्थमंत्रालयाच्या डोळ्यांसमोर असलेला रुग्ण आठवड्यातून तीनदा केंद्रावर येतो, चार तास यंत्राला जोडून घेतो आणि घरी जातो. हे वर्णन प्रौढाचे आहे. बहुधा पन्नाशीच्या, मधुमेहाने किंवा उच्च रक्तदाबाने मूत्रपिंडे गमावलेल्या प्रौढाचे. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही ठाऊक असते की योजनेचे एकक एकदा ठरले की पुढची सगळी यंत्रणा त्या एककाभोवती उभी राहते: निविदा, देयके, लेखापरीक्षण, संसदेतील उत्तरे. या योजनेचे एकक ‘सत्र’ ठरले. खासगी चालकाला पैसे मिळतात ते सत्रामागे, आणि राज्याची कामगिरी मोजली जाते ती सत्रांच्या संख्येवर.

योजना निरर्थक होती असे मला म्हणायचे नाही. आज देशातील सर्व राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून तिची सुमारे 1,700 केंद्रे आहेत, आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला तेथे मोफत उपचार मिळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस मिळणे ही वीस वर्षांपूर्वी कल्पनेतली गोष्ट होती. प्रश्न आहे तो या एककात न बसणाऱ्या रुग्णाचा. तो रुग्ण वजनाने दहा किलोचा असू शकतो.

माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण 70 ते 80 मिलिलिटर रक्त असते. साठ किलोच्या प्रौढात ते साडेचार लिटरच्या आसपास भरते. त्यातले दोनशे मिलिलिटर यंत्राच्या नळ्यांत आणि गाळणीत फिरत राहिले तरी त्याला फारसे जाणवत नाही. दहा किलोच्या मुलाच्या अंगात सगळे मिळून रक्तच आठशे मिलिलिटर. त्यातले दोनशे बाहेर राहिले तर चौथा हिस्सा शरीराबाहेर गेला, आणि रक्तदाब कोसळला. म्हणून एकूण रक्ताच्या दहाव्या हिश्शाहून अधिक रक्त एका वेळी बाहेर असू नये, असा संकेत डॉक्टर पाळतात. त्यासाठी लहान गाळणी लागते, बारीक नळ्या लागतात, आणि चारही तास मुलाकडे पाहत बसलेली परिचारिका लागते. मोठ्या माणसाच्या हातात शीर आणि धमनी जोडून जी वाट तयार करतात, ती लहान मुलाच्या सुतासारख्या शिरांत बहुधा जमत नाही. मग मानेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते, आणि नळी आली की तिच्या मागोमाग संसर्गाची भीती येते.

प्रौढाला डायलिसिसवर जगवायचे असते. मुलाला जगवता जगवता वाढवायचेही असते, आणि ते अधिक अवघड आहे. निकामी मूत्रपिंडांमुळे हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, उंची खुंटते. फॉस्फरस वाढतो म्हणून दूध आणि पनीर मोजून, पोटॅशियम वाढते म्हणून केळे आणि नारळपाणी बंद, अंगात पाणी साठते म्हणून दिल्लीच्या जूनमध्येही पाणी पेल्याने मोजून. आणि हे सगळे सांभाळून वाढीपुरती प्रथिने पोटात जायला हवीत. हे गणित सोडवायला आहारतज्ज्ञ हवा, आणि ते गणित दर दोन महिन्यांनी मुलाच्या वजनाबरोबर बदलते. सत्राच्या देयकात यासाठी रकाना नाही.

डायलिसिसच्या इतिहासात मूल नेहमी उशिराच आले आहे. नेदरलँड्समधील कांपेन या गावी, जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या दिवसांत, विलेम कोल्फ यांनी 1943 साली पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालवले. पण पुन्हा पुन्हा डायलिसिस करता येईल अशी कायमची नळी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी 1960 मध्ये तयार केली, तेव्हा कुठे हा आजार जगण्याजोगा झाला. यंत्रे मोजकी, रुग्ण अनेक. म्हणून 1962 मध्ये तेथे सात जणांची समिती नेमली गेली. कोणाला यंत्र द्यायचे, म्हणजे कोणाला जगू द्यायचे, हे ती ठरवत असे. तिच्यात एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक कामगार नेता, एक शल्यविशारद आणि (माझे लक्ष नेहमी येथेच अडते) राज्य सरकारचा एक अधिकारी होता. त्या समितीपुढे नावे जाण्याआधीच डॉक्टरांनी मुलांना आणि पंचेचाळिशीपुढच्यांना वगळले होते. 1964 मध्ये एक शाळकरी मुलगी वयामुळे अशीच नाकारली गेली, तेव्हा अल्बर्ट बॅब या अणुअभियंत्याने आपल्या चमूसह काही महिन्यांत तिच्या घरी बसवता येईल असे यंत्र तयार केले. घरगुती डायलिसिसच्या इतिहासातला हा एक आरंभ, आणि तो मुलाला दारातून परत पाठवल्यामुळे झाला.

मुलांच्या बाबतीत घर हाच आजही अनेकदा चांगला पर्याय असतो. आपल्या पोटातील आतड्यांभोवती एक पातळ अस्तर असते. पोटात नळी बसवून विशिष्ट द्रव आत सोडला की त्या अस्तरातून रक्तातील दूषित द्रव्ये द्रवात उतरतात. काही तासांनी तो द्रव काढून नवा भरायचा. याला पेरिटोनियल डायलिसिस म्हणतात. यात रक्त शरीराबाहेर जात नाही, सुया टोचाव्या लागत नाहीत, आणि रात्री यंत्राने द्रव बदलता आला तर मूल दिवसा शाळेत जाऊ शकते. बिहारमधल्या पूर्णियाच्या मुलाला त्यासाठी आठवड्यातून तीनदा कोठेही जावे लागत नाही.

केंद्र सरकारने 2019 मध्ये या पद्धतीसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना चांगल्या आहेत. परंतु यंत्र असलेली खोली उभी करणे, तिला चालक नेमणे आणि तिचे उद्घाटन करणे हे प्रशासनाला जमते. घराघरांत द्रवाच्या पिशव्या पोहोचवणे जमत नाही. दिवसाला चार वेळा द्रव बदलायचा तर महिन्याला 120 पिशव्या होतात. संगम विहारमधल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात हे खोके ठेवायचे कोठे, हा विनोदाचा प्रश्न नाही. द्रव बदलताना खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मुखपट्टी, हात कोपरापर्यंत धुतलेले. त्यासाठी नळाला पाणी हवे. एका पिशवीचे टोक चुकून बोटाला लागले तर पोटात संसर्ग होऊ शकतो, आणि असे वारंवार झाले तर ते अस्तरच निकामी होते. हे सारे बहुधा आई शिकते. तिला शिकवायला प्रशिक्षित परिचारिका लागते, आणि रात्री अकरा वाजता बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला तर फोन उचलणारे कोणी तरी लागते. या शिकवण्याचे आणि फोन उचलण्याचे पैसे कोणालाही मिळत नाहीत. चार तासांच्या सत्राचे मिळतात. मग चालकाचा आणि राज्याचाही कल कोणीकडे राहील हे वेगळे सांगायला नको.

परिणामी अशी मुले दिल्लीला येतात. राजधानी परिसरात मुलांच्या मूत्रपिंडविकारांचे जाणकार आहेत. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आर. एन. श्रीवास्तव आणि पुढे अरविंद बग्गा यांनी या शाखेची देशातली एक महत्त्वाची परंपरा उभी केली. कलावती सरन बाल रुग्णालय आहे, गुरुग्राम आणि मध्य दिल्लीतील मोठी खासगी रुग्णालये आहेत. बाला साहिब गुरुद्वाराच्या आवारात 2021 पासून शंभर खाटांचे मोफत डायलिसिस रुग्णालय चालते, आणि त्या सेवेपुढे नतमस्तक व्हावे. तरीही मुलाच्या वाट्याला रांग येते, कारण येथे उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा, राजस्थान अशा चार-पाच राज्यांचा भार आहे. गौतम नगर, युसुफ सराय, कोटला या वस्त्यांत भाड्याने खोल्या घेऊन राहिलेली कुटुंबे यातूनच दिसतात. बापाचे गावाकडचे काम सुटते, धाकटे भावंड आजीकडे राहते, मुलाची शाळा तुटते. काही महिन्यांनी पैसे संपले की कुटुंब गावी परतते. रुग्णालयाच्या नोंदीत अशा मुलापुढे ‘पाठपुरावा नाही’ असा शेरा पडतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणारे मूल डायलिसिसविना गावी गेले, याचा अर्थ काय होतो हे शेरा लिहिणाऱ्यालाही कळत असते.

दिल्लीत कायदा गरिबांच्या बाजूने आहे, हेही नमूद करायला हवे. सवलतीत जमीन घेतलेल्या खासगी रुग्णालयांनी आंतररुग्ण विभागातील 10 टक्के खाटा आणि बाह्यरुग्ण विभागातील 25 टक्के सेवा गरिबांना मोफत द्यावी, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने 22 मार्च 2007 रोजी दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही पुढे ही बंधने योग्य ठरवली. बऱ्याच वर्षांच्या राजकीय ओढाताणीनंतर 2025 मध्ये दिल्ली आयुष्मान भारत योजनेतही आली. दारे उघडी आहेत. मात्र मुलांच्या आकाराची गाळणी आणि ती लावणारा हात दाराआड असायला हवा.

आतापर्यंत मी दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराविषयी लिहिले. मुलांची मूत्रपिंडे अचानकही बंद पडतात: अतिसाराने, मलेरियाने, सर्पदंशाने. अशा वेळी काही दिवसांचे डायलिसिस मिळाले तर मूल पूर्ण बरे होऊन घरी जाऊ शकते. आणि कधी कधी मूत्रपिंडे बंद पडतात ती विषाने. राजधानी परिसराचा या बाबतीतला इतिहास फारसा कोणाला आठवत नाही.

1998 च्या एप्रिल ते जून या काळात दिल्लीतील दोन रुग्णालयांत मूत्रपिंडे अचानक निकामी झालेली 36 बालके दाखल झाली. दोन महिन्यांच्या तान्ह्यापासून सहा वर्षांपर्यंतची. बहुसंख्य गुरगावची, गरीब घरांतली. आधी ताप, खोकला, सर्दी. मग लघवी बंद. पोटातून डायलिसिस करूनही त्यांतील 33 दगावल्याची नोंद आहे. तपास करणाऱ्यांनी घरोघरी जाऊन कोणते औषध दिले होते हे विचारले, आजारी पडलेल्या आणि न पडलेल्या मुलांची तुलना केली, आणि धागा गुरगावमध्येच तयार झालेल्या खोकल्याच्या औषधापर्यंत पोहोचला. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल निघाले. यंत्रांत थंडाव्यासाठी वापरले जाणारे हे गोडसर, स्वस्त रसायन. हा सगळा तपास जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात 2001 मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे रसायन ओळखीचे आहे. 1937 मध्ये अमेरिकेत त्याने शंभराहून अधिक बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तेथे औषधांचा नवा कायदा आला. आपल्याकडे 1972 मध्ये मद्रासला मुले गेली. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने रुग्ण दगावले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांनी दिलेला अहवाल महाराष्ट्रातल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. औषध प्रशासनातील साटेलोट्यावर इतके निर्भीड लिखाण कोणत्याही सरकारी कपाटात सापडणे कठीण. गुरगाव त्यानंतर बारा वर्षांनी घडले. त्यानंतरही यादी थांबली नाही. 2022 मध्ये गॅम्बियातील मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने सोनिपतच्या कंपनीच्या चार औषधांबाबत इशारा दिला. आपल्याकडील नमुन्यांत दोष आढळला नाही, असे भारत सरकारने म्हटले. त्याच वर्षाच्या अखेरीस उझबेकिस्तानातील मुलांच्या मृत्यूंचा माग नोएडात तयार झालेल्या औषधाकडे गेला आणि त्या कारखान्याचा परवाना पुढे रद्द झाला. गुरगाव, सोनिपत, नोएडा. तिन्ही ठिकाणे राजधानी परिसरातच मोडतात. 1 जून 2023 पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारमान्य प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. देशातल्या मुलांच्या बाटलीला मात्र तेव्हा ती सक्ती लागू केली गेली नाही.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले याच विषाने गेली. तमिळनाडूत बनलेल्या औषधाच्या त्या खेपेत 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल होते. परासिया आणि आसपासच्या गावांतील आईबाप मुलांना घेऊन नागपूरला धावले, आणि अनेक मुले तेथे डायलिसिसवर होती. डायलिसिसने सगळी वाचली असती असे मी म्हणणार नाही. गुरगावचा अनुभव उलट आहे. पण छिंदवाड्याची मुले एकेक करून आजारी पडत होती, आणि एकाच तालुक्यातून लघवी बंद झालेली मुले येत आहेत हे ज्याला पहिल्यांदा दिसते ती जागा बहुधा मुलांच्या डायलिसिसची खोलीच असते. ती खोली आणि औषध नियंत्रक यांच्यात कोणतीही तार जोडलेली नाही. अशा दोन घटना एका आठवड्यात घडल्या तर फोन कोणी कोणाला करायचा, याचे लेखी उत्तर प्रत्येक जिल्ह्यात असायला हवे. पोटातून तातडीचे डायलिसिस हे बालरोगाच्या निवासी डॉक्टरांना मोठ्या रुग्णालयांत पूर्वापार शिकवले जाते. त्याला वीज लागत नाही. जिल्हा रुग्णालयात ते करता आले तर मुलाचा दीर्घ प्रवास तरी वाचेल.

मुलांच्या मूत्रपिंडाची दखल आधी घेण्याची एक संधी आपण अजूनही वाया घालवत आहोत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. यादीत तीस आजार आहेत: दुभंगलेला ओठ, जन्मजात हृदयदोष, रक्तक्षय, दातांची कीड. मूत्रपिंडाचा एकही आजार नाही. वास्तविक मुलांची मूत्रपिंडे मधुमेहाने जात नाहीत. मोठा वाटा जन्मजात दोषांचा असतो. काही मुलग्यांमध्ये मूत्रमार्गात जन्मतःच पडद्यासारखी झडप असते. लघवीची धार बारीक येते, लघवी मागे तुंबते आणि मूत्रपिंडे वर्षानुवर्षे दबत जातात. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर पुष्कळ वाचवता येते. लघवीत बुडवायची एक कागदी पट्टी, मुलाच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा लहान पट्टा आणि आईला विचारलेला एकच प्रश्न, धार कशी येते? पथकाच्या पेटीत याहून महाग वस्तू आधीच आहेत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल यांचा समावेश झाला. तो योग्यच होता. डायलिसिसवरील मूल त्या यादीत नाही, त्यामुळे त्या कायद्याने मिळणाऱ्या सवलती त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आठवड्याचे तीन दिवस रुग्णालयात काढणाऱ्या मुलाची हजेरी कोणत्या नियमात बसवायची, हे मुख्याध्यापकाच्या दयाबुद्धीवर राहते.

मुलासाठी डायलिसिस हा मुक्काम नसतो, प्रत्यारोपणापर्यंतचा पूल असतो, असे डॉक्टर सांगतात. 1994 च्या कायद्याने जवळच्या नातेवाइकाला मूत्रपिंड देता येते, आणि 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबांनाही त्यात जागा मिळाली. अठरा वर्षांखालील भावंडाला देता येत नाही, आणि ते रास्त आहे. पण आठव्या वर्षी आईने दिलेले मूत्रपिंड जन्मभर पुरेलच असे नाही. विसाव्या किंवा पंचविसाव्या वर्षी त्याला पुन्हा डायलिसिसकडे यावे लागू शकते. तोवर बालरुग्णालयाने त्याची फाइल बंद केलेली असते, प्रौढांच्या विभागाला त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो आणि आईकडे देण्यासारखे दुसरे मूत्रपिंड नसते. चाळीस-पन्नास वर्षांचा हा हिशेब आहे, आणि आपल्या योजनेत तो 155 सत्रांच्या वार्षिक खात्यात मांडला जातो.

संसदेत डायलिसिस कार्यक्रमावर दिलेली जी उत्तरे मी पाहिली, त्यांत राज्यनिहाय केंद्रे होती, रुग्ण होते, सत्रे होती. वयाचा रकाना नव्हता. या कार्यक्रमात बारा वर्षांखालील किती मुले आहेत, त्यांतील किती घरी पोटातून डायलिसिस घेतात आणि किती मध्येच येईनाशी झाली, हे विचारायला कायदा बदलावा लागत नाही. आरोग्य मंत्रालयाच्या सहसचिवाच्या सहीचे दोन परिच्छेदांचे परिपत्रक त्यासाठी पुरते.